विणकामाच्या मैत्रिणीचा हात दुखतोय आणि ती मला टाळतेय, काय करू?

लोकर_आणि_लॅपटॉप

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. प्रश्न थोडा विणकामाचा आहे आणि थोडा माणसांचा, कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतेय.

मी कोथरूडला राहते, ऑफिस कल्याणीनगरला. मेट्रो रामवाडीपर्यंत गेल्यापासून गाडी काढतच नाही. वनाजला चढलं की बसायला जागा मिळते, मग उतरेपर्यंत विणायचं. एकदा आयडियल कॉलनीला एक काकू चढल्या, शेजारी बसल्या आणि नुसत्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. गरवारे कॉलेज गेल्यावर न राहवून म्हणाल्या, "अगं किती आवळतेस टाके, पुढच्या ओळीला सुई घुसायची कशी?" मी हसले तर त्यांनी पिशवीतून स्वतःचं विणकाम काढलं, बाळाचे मोजे, १२ नंबरच्या सुया (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक), आणि बघतही नव्हत्या हो हाताकडे, खिडकीतून नदीपात्र बघत विणत होत्या.

तेव्हापासून शनिवार सकाळ त्यांच्याकडे ठरलेली. वयात पस्तीस वर्षांचं अंतर, मी आयटीवाली, त्या पोस्टातून रिटायर झालेल्या, राजकारणावर आमचं काडीचं पटत नाही, पण सुया हातात असल्या की दोन-तीन तास कुठे जातात कळत नाही. माझं सगळं शिक्षण नेटवरचं. ती रॅव्हलरी नावाची साइट आहे ना, २००७ पासूनची, तिथून पॅटर्न उतरवायचा, चार्ट लॅपटॉपवर मोठा करून ठेवायचा आणि एकेक चौकोन बघत जायचं. चार्ट नसला की मी ठप्प. काकूंना पॅटर्नमधल्या टाक्यांच्या त्या इंग्रजी आद्याक्षरांचा भयंकर कंटाळा, त्या फक्त विचारणार छाती किती, मग थोडं विणून इंचाला टाके किती बसतात ते मोजणार आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर हिशोब मांडणार. बाळाची छाती २० इंच, निम्मी १०, इंचाला ७ म्हणजे ७०, शिवणीचे वर २, घाल ७२ टाके. ओळी मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके, ओळ झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मी फोनवरचं काउंटर ॲप दाखवलं तर म्हणाल्या तुझ्या फोनची बॅटरी संपते, चिंचोक्याची संपत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी तुळशीबागेत चक्कर असायची. आता सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलून मंडईला उतरता येतं त्यामुळे ते एकदम सोपं झालंय, फक्त सिव्हिल कोर्टचे ते खोलवर जाणारे सरकते जिने काकूंना आवडत नाहीत, माझा दंड घट्ट धरून उतरतात आणि खाली पोचलं की धरलाच नव्हता असा चेहरा करतात.

तर प्रॉब्लेम असा की दिवाळीनंतर हे सगळं बंद झालंय. त्यांच्या भाचीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे, बाळंतविडा काकूच करणार हे आधीपासून ठरलेलं, टोपडं, मोजे, दोन स्वेटर आणि एक दुपटं. लोकर आम्ही दोघींनी मिळून आणली होती, फिकट पिस्ता आणि ऑफव्हाइट. मध्येच एके दिवशी त्यांनी ती अख्खी पिशवी माझ्या हातात ठेवली, "तूच कर आता, मला नाही वेळ." त्यानंतर शनिवारी फोन केला की कधी बँक, कधी पाहुणे, कधी भजन. खरी गोष्ट मला त्यांच्या सुनेकडून कळली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सारखं दुखतं, बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही, रात्री उठून बाम चोळत बसतात आणि घरात कोणाला सांगत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं तर "वय झालं, आता काय" एवढंच.

मला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे असा हात असताना विणता येईल अशा सुया, लोकर, पद्धत काही आहे का. आणि दुसरं, हे त्यांच्याशी बोलू कसं? त्यांनी मला सांगितलेलंच नाही, सुनेनं सांगितलंय. "मला कळलंय" म्हटलं की त्या सुनेवर चिडणार आणि माझ्यासमोर आणखी मिटून घेणार. बाळंतविडा मी एकटी करू शकते हो, प्रश्न तो नाहीच.

सुलट_उलट

सुयांचं सांगते. सरळ लांब सुया असतील तर त्या आधी बाजूला ठेवा. गोल सुई आणा, म्हणजे दोन आखूड सुया आणि मध्ये केबल. सपाट कामसुद्धा तिच्यावर होतं, फक्त ओळ संपली की काम फिरवायचं. फायदा असा की विणलेल्या भागाचं वजन केबलवर मांडीत पडतं, मनगटावर येत नाही. सरळ सुईवर पाठ अर्धी झाली की तो सगळा भार सुईच्या टोकाशी लोंबतो आणि माणूस अंगठ्याने तो पेलत बसतो. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऐवजी बांबूच्या घ्या, हाताला गार लागत नाहीत आणि टाके पटकन सुळकन सुटत नाहीत त्यामुळे घट्ट पकडून ठेवायची गरज कमी. ज्यांचा हात आधीच घट्ट आहे त्यांना मात्र बांबूवर टाके सरकवायला त्रास होतो, काकूंचा सैल आहे असं वाटतंय वर्णनावरून, तुमचा नाही :)

आणि सुती दोरा तूर्त अजिबात नको. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, सगळं ओढकाम हातालाच करावं लागतं.

फिजिओ_कर्वेनगर

मी हातांच्या पेशंट्सबरोबरच काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहितेय, पण इथून निदान होत नाही हे आधीच सांगते.

अंगठ्याच्या मुळाशी, म्हणजे जिथे अंगठा मनगटाला मिळतो तिथे दुखणं, झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, चिमटीत काही धरताना जास्त दुखणं, हे पाळी गेल्यानंतरच्या वयात बायकांमध्ये फार कॉमन आहे. बहुतेक वेळा त्या सांध्याची झीज असते. पण त्याच जागेच्या आसपास दुसऱ्याही गोष्टी दुखतात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूच्या स्नायूबंधांना सूज आली तरी असंच दुखतं. रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर ती मनगटातली नस दबलेली असू शकते. आणि सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास बोटं आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांची पेरं सुजत असतील तर तो संधिवात वेगळा, त्याला औषधं लवकर सुरू करावी लागतात, तिथे "वय झालं" म्हणून बसून राहणं महागात पडतं. म्हणून सुया-लोकर सगळं नंतर, आधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

झीजच निघाली तर बरंच काही करता येतं. अंगठ्याला आधार देणारा छोटा पट्टा मिळतो, तो घालून काम करायचं. विणायला बसण्यापूर्वी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात. गजर लावून वीस मिनिटांनी सुया खाली ठेवायच्या, दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. ही शेवटची गोष्ट कोणीच ऐकत नाही, "एवढी ओळ संपवते" म्हणत तासभर जातो. सुई बारीक तेवढी चिमूट घट्ट, १२ नंबरच्या सुया या हाताला सगळ्यात वाईट. पण म्हणून एकदम जाड दांडकी पण नको, तीही पेलवत नाहीत. मधलं काहीतरी.

खवचट_सदाशिव

पुण्यात स्वेटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवस, तोसुद्धा पहाटे. बाकी वर्षभर विणून तुम्ही लोक ते घालता कोणाला? सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, तेवढं एक गिऱ्हाईक पक्कं धरलं तरी बाकीच्यांचं काय?

सुलट_उलट

@खवचट_सदाशिव बाप्पाला घालतात तोही कोणीतरी विणतंच ना. आणि बाळंतविड्याला थंडी लागत नाही, मेमधल्या बाळालासुद्धा टोपडं-मोजे लागतात, आजीला विचारा घरी.

खवचट_सदाशिव

विचारलं. माझा लहानपणचा निळा स्वेटर काढून दाखवला, कोपरावर ठिगळ असलेला. गप्प बसतो.

ड्राफ्ट्समन_काका

मी पुरुष असून विणतो, आश्चर्य वाटून घेऊ नये. आमच्या आईच्या मोज्यांच्या सुया सायकलच्या स्पोकच्या होत्या, घराघरात सायकली होत्या तेव्हाचं पुणं, स्पोक कापायचे आणि टोकं दगडावर घासायची. साधा स्पोक २ मिलिमीटरचा, म्हणजे बरोब्बर १४ नंबरची सुई. त्याच सुयांवर मी शिकलो. असो.

वर फिजिओताईंनी "मधलं काहीतरी" म्हटलंय त्याचा हिशोब मांडून देतो, कारण काकूंना हिशोबाची भाषा कळते असं दिसतंय.

तुमची ४ प्लायची बारीक लोकर १० नंबरच्या सुईवर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, इंचाला ७ टाके आणि साधारण ९ ओळी. एका चौरस इंचात ६३ टाके. तेच डबल निटिंगची, म्हणजे त्याहून जाड लोकर घेतली आणि ८ नंबरची सुई, म्हणजे ४ मिलिमीटर, तर इंचाला साडेपाच टाके आणि ७ ओळी, चौरस इंचात साडेअडतीस. बाळाचा एक स्वेटर बाह्या धरून अडीचशे चौरस इंच समजा. पहिल्यात १५,७५० टाके, दुसऱ्यात ९,६२५. सहा हजार टाके वाचले, म्हणजे अंगठा सहा हजार वेळा कमी हलला. स्वेटर तेवढाच उबदार, उलट जास्तच. नाजूक दिसणार नाही एवढंच, आणि काकू याच मुद्द्यावर अडणार बघा, बाळाचं विणायचं म्हणजे बारीकच हवं असं त्या पिढीचं ठाम मत असतं, माझ्या आईचंही होतं.

दुसरं, तुकडे करून शिवण्यापेक्षा वरून खाली, गळ्यापासून सुरू करून एकसंध विणा. शिवायच्या सुईची चिमूट विणायच्या सुईपेक्षा जास्त त्रासदायक असते. यात आणखी एक सोय आहे, कुठेही थांबता येतं.

आणि एक धोक्याची सूचना. "अर्धा त्यांनी अर्धा मी" असं एकाच स्वेटरवर करू नका. तुमचा हात आवळलेला आणि त्यांचा सैल. पाठ एकीची आणि पुढा दुसरीचा झाला की ओळी सारख्या मोजूनसुद्धा शिवताना एक बाजू बोटभर लांब निघते. टोपडं एकीचं, स्वेटर दुसरीचा असं वाटून घ्या. एकाच कपड्यावर दोन हात लागणारच असतील तर सैल हाताला अर्धा-एक नंबर बारीक सुई द्यायची, पण इथे नेमकी बारीकच सुई नकोय, त्यामुळे तो उपाय तुम्ही उलटा वापरा, सैल हाताला ८ आणि तुम्ही स्वतः ७ नंबर घ्या. आधी दोघींनी चार-चार इंचाचा चौकोन विणून एकावर एक ठेवून बघा.

लोकर_आणि_लॅपटॉप

@ड्राफ्ट्समन_काका हे भारी आहे, सहा हजारचा आकडा मी त्यांना पाकिटावर लिहूनच देणार. @फिजिओ_कर्वेनगर थँक्यू, सकाळी बोटं आखडतात का ते सुनेला विचारते. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. सुरुवात कुठून करू?

क्रोशावाली_औंध

मी तर म्हणेन सरळ एक गोल सुई आणि जाड लोकर घेऊन दारात जा, सरप्राइज गिफ्ट म्हणून. आपल्या माणसाला काय एवढं घाबरायचं. आणि त्यांना क्रोशा येत असेल तर आणखी सोपं, क्रोशात दोरा डाव्या हातातच असतो, तसाच तो विणतानाही डाव्या बोटावर घ्यायचा आणि सुईने नुसता खेचायचा, प्रत्येक टाक्याला उजव्या हाताने दोरा फेकायची हालचाल वाचते. माझ्या मावशीने साठीनंतर बदललं, पहिले काही दिवस वेडंवाकडं झालं मग बसला हात.

माई_७४

क्रोशावाली, गिफ्ट घेऊन जाऊ नका म्हणावं तिला. मी टाइप हळू करते पण आज पूर्ण लिहिणार.

माझे दोन्ही अंगठे गेले आहेत, म्हणजे आहेत जागेवर पण कामाचे नाहीत. मी शाळेत शिवणाच्या तासाला शिकले, फ्रॉकच्या वयात पहिला मफलर केला, पुढे तीन पिढ्यांचे बाळंतविडे. आणि जेव्हा हात दुखायला लागला तेव्हा मीसुद्धा हेच केलं, बँक आहे, भजन आहे. दुखतं म्हणून नाही हो. दुखणं सहन होतं. सहन काय होत नाही ते सांगते. टाका निसटतो आणि तो उचलता येत नाही. समोर जिला आपण शिकवलं ती बसलेली असते, तिला दिसतं, ती काही बोलत नाही, नुसता हात पुढे करते आणि पटकन उचलून देते. किती प्रेमाने देते. त्या वेळेला मला पुढच्या शनिवारी तिथे जावंसं वाटेना.

आता तू गोल सुई, पट्टा, बाम आणि जाड लोकर घेऊन दारात उभी राहिलीस की ती काय समजणार? आपण पेशंट झालो. पूर्वी तू तिच्याकडे शिकायला जात होतीस, आता बघायला आलीस.

म्हणून तिला हाताचं विचारूच नकोस. तुझं अडलेलं काम घेऊन जा, खरंच अडलेलं हवं, खोटं तिला लगेच कळेल, पोस्टात काउंटरवर बसलेली बाई आहे ती. चार्टशिवाय तुला गळा उतरवता येत नाही असं तूच लिहिलं आहेस जवळजवळ. त्या पिशवीतल्या लोकरीचा स्वेटर बगलेपर्यंत आण आणि जाऊन विचार, गळ्याला किती टाके बंद करू आणि दोन्ही बाजूंना किती ओळींनी एकेक कमी करू. ती हिशोब मांडेल. हिशोब मांडायला अंगठा लागत नाही. पेन धरवत नसेल तर तोंडी सांगेल, तू लिही.

सुनेचं नाव काढू नकोस. मैत्रीण असलीस तरी त्यांच्या घरात त्यांना राहायचं आहे.

डॉक्टरचं तिचं तिला सांगू दे. माझ्या नातीने मला चला चला म्हणून दोन वर्षं मागे लागून काही झालं नाही, शेवटी मी गेले ते शेजारची बाई स्वतःच्या गुडघ्यासाठी निघाली होती तिच्या सोबतीला म्हणून. डॉक्टर समोरच होते, मग दाखवला हात.

सुलट_उलट

माई, नमस्कार घ्या.

खवचट_सदाशिव

माई, तुम्ही रोज लिहीत जा.

फिजिओ_कर्वेनगर

माई म्हणतात ते बरोबर आहे, मी एक फक्त जोडते, आखडणं-सुजणं यातलं काही असेल तर फार महिने जाऊ देऊ नका. बाकी सोबतीला म्हणून येणारे पेशंट आमच्याकडे भरपूर असतात :)

लोकर_आणि_लॅपटॉप

अपडेट देतेय, काहीजणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

माईंनी सांगितलं तसंच केलं. पिस्ता स्वेटरची पाठ बगलेपर्यंत आणली आणि शनिवारी फोन न करता गेले. दारातच म्हणाले, काकू गळा अडलाय, चार्टमधलं माप २० इंचाचं नाहीये आणि मला ते बदलता येत नाहीये. हे शंभर टक्के खरं होतं. त्यांनी पाठ हातात घेतली, उजेडात धरली आणि पहिलं वाक्य, "बॉर्डरला बारीक सुई नाही घेतलीस, लटकणार बघ ही." म्हटलं चला, जमलं.

मग पाकीट आलं, चष्मा आला. पेन त्यांनी माझ्याकडे सरकवलं, काही न बोलता, मीही काही न बोलता घेतलं. ७२ टाके, खांद्याला दोन्हीकडे २१-२१, मधले ३० गळ्याचे. पाठीला ते शेवटी एकदम बंद करायचे, पुढच्या बाजूला मात्र आधी मधले १४ बंद आणि मग दोन्हीकडे एका ओळीआड एकेक कमी, आठ वेळा. हे त्या वरणाच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत सांगत होत्या. मी चार्ट उघडून ताडून बघितलं तर गळ्याचा आकार अगदी तसाच, फक्त माझ्या चार्टमध्ये ते समजायला दोन पानं लागली असती. वाटीतले चिंचोके मात्र सगळे एकाच वाटीत होते, म्हणजे मी नसताना त्यांनीही काही केलेलं नाही.

निघताना सहा हजार टाक्यांचा हिशोब मी मुद्दाम सांगितला, पण माझ्या नावावर. म्हणजे असं की मला आता ऑफिसमुळे बारीक कामाला वेळ नाही, दुसरा स्वेटर ८ नंबरवर करतेय. ड्राफ्ट्समन_काका, तुम्ही म्हणालात तेच झालं, "बाळाच्या अंगावर गोणपाट घालणारेस का" असं विचारलं त्यांनी. पण तो चार इंची चौकोन हातात घेऊन बराच वेळ दाबून-ओढून बघत होत्या, आणि माझ्या गोल सुईकडे बघून म्हणाल्या ही काय वायर घेऊन फिरतेस, दाखव. पाच-सहा टाके विणले. परत दिली. काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरचं अजून काही नाही. सुनेला विचारलं, सकाळी आखडत वगैरे नाही म्हणते, सूजही नाही, झाकण-किल्लीलाच दुखतं. माझं स्वतःचं मनगट लॅपटॉपमुळे अधूनमधून खरंच दुखतं तर त्यासाठी अपॉइंटमेंट घेतलीये संक्रांतीनंतरची, आणि काकूंना म्हटलं सोबत याल का, मला डॉक्टरांची भीती वाटते. "एवढी घोडी झालीस" म्हणाल्या. हो पण नाही आणि नाही पण नाही.

पुढच्या शनिवारचं विचारलं नाही मी. त्यांनीच विचारलं, बाह्यांना किती टाके घेणारेस. म्हटलं अजून ठरवलं नाही.

नवी_आई_सिंहगडरोड

मला विणकामातलं काही येत नाही, नुसती वाचत होते पण एक सांगावंसं वाटलं. लोकर घेताना लेबल बघितलंय ना? दुकानात आपण लोकर म्हणून आणतो त्यातली बरीचशी ऍक्रेलिक असते. तशी ती बाळाला बरीच असते, टोचत नाही, मशीनला टाकता येते, पण आमच्याकडे बाळाला आंघोळीनंतर शेक आणि धुरी असते आणि ऍक्रेलिक विस्तवाजवळ वितळतं, लोकरीसारखं नुसतं करपत नाही. आमच्याकडे टोपड्याची कड शेगडीच्या अगदी जवळ गेली तेव्हा घरात बोंबाबोंब झाली, बाळाला काही झालं नाही. तेव्हापासून शेक झाल्यावरच स्वेटर-टोपडं. भाचीला एवढं सांगून ठेवा.

सुलट_उलट

हे महत्त्वाचं आहे. याच यादीत आणखी दोन, गळ्याला रिबीन-गोंडे नकोत, आणि दुपट्याला मोठी जाळीची वीण नको, बाळाची बोटं त्यात अडकतात. जाळी करायचीच असेल तर कडेला बारीक करा. मधे साबुदाणा वीण छान दिसते, दोन्हीकडून सारखी, आणि कडा वळत नाहीत.

लोकर_आणि_लॅपटॉप

@नवी_आई_सिंहगडरोड लेबल बघितलं, ऍक्रेलिकच आहे. भाचीला सांगते, म्हणजे काकूंनाच सांगायला सांगते. @सुलट_उलट दुपटं साबुदाण्याचंच चाललंय, काकूंचीच फर्माईश.

ड्राफ्ट्समन_काका

गळ्याचा हिशोब तपासला. ७२ मधून ३० गेले, उरले ४२, खांद्याला २१-२१. पुढे १४ अधिक दोन्हीकडचे आठ-आठ म्हणजे ३०. चोख. एक विचारायचं राहिलं, पुढून बंद गळा की बटणं? बंद ठेवून डोक्यातून घालायचा असेल तर ३० टाके म्हणजे रुंदी जेमतेम सव्वाचार इंच, बाळाचं डोकं छातीच्या मानाने मोठं असतं, जाणार नाही. एका खांद्याला शिवण न घालता दोन बटणं ठेवावी लागतील.

लोकर_आणि_लॅपटॉप

खांद्यालाच बटणं, डावीकडे. ते काकूंनी आधीच पाकिटावर लिहायला लावलंय, "डावा खांदा उघडा, ३ बटणं" असं. दोन नाही, तीन म्हणतात. काज कसं करायचं ते मला नीट येत नाही, टाके बंद करून पुढच्या ओळीत परत घालायचे की नुसतं दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र?

ड्राफ्ट्समन_काका

बाळाच्या बटणाला दुसरं. दोरा पुढे, दोन एकत्र, एवढ्या भोकातून छोटं बटण नीट जातं आणि सैल पडत नाही. बटणं चपटी घ्या, गोल मण्यासारखी नकोत, कुशीवर झोपवलं की खांद्याला रुततात. रविवार पेठेत खोक्याने मिळतात पण तुम्हाला तीनच हवीत, तर तुळशीबागेतच बघा. आणि पक्क्या दोऱ्याने शिवा, लोकरीने नको, तुटलं बटण की थेट बाळाच्या तोंडात.

माई_७४

बटणं तिलाच निवडू दे. मंडईला उतरा दोघी.